मायच्या नावापुढचा अंगठा

इंग्रजी मी एका माणसाला खाली बसवायचं म्हणून शिकले. नोकरीसाठी नाही, ज्ञानासाठी तर मुळीच नाही. आता कितीतरी वर्षं मी नांदेडला इंग्रजीचे वर्ग घेते आणि दरवर्षी एखादी मुलगी विचारतेच, बाई, तुम्ही इंग्रजीतलं पहिलं पुस्तक कोणतं वाचलं? मी सांगते, राज्यकारभाराचं. मुलींचा विरस होतो. पुस्तक पातळ होतं, इंग्रजी नव्यानं शिकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी छापलेलं. राज्यघटना म्हणजे काय, सरकारला मर्यादा कशासाठी घालायच्या, मत का द्यायचं, असे सोप्या वाक्यांतले धडे आणि प्रत्येक धड्याखाली पाच प्रश्न. त्यातला एकेक शब्द मी एका माणसाचा चेहरा समोर धरून पाठ केला.

तो आमच्या गावचा सरपंच. गाव रेणापूरच्या पलीकडचं. लातूर तेव्हा जिल्हा झालेला नव्हता. जिल्ह्याची कचेरी उस्मानाबादला. तिथं जायचं म्हणजे एसटी बदलायची, साहेब नसला तर स्टँडवर मुक्काम करायचा आणि मजुरी बुडवून हात हलवत परत यायचं. वस्तीतलं कोणी जात नव्हतं. उस्मानाबाद लांब होतं, ही सरपंचाची निम्मी ताकद होती.

त्या साली पाऊस झालाच नाही. माघ संपायच्या आत गावची विहीर आटली आणि सरकारी टँकर सुरू झाला. रोज दोन खेपा. एक गावाची, एक आमच्या बौद्ध वस्तीची, असं टँकरवाल्यानंच मायला सांगितलं होतं. पण दोन्ही खेपा सरपंचाच्या मळ्यातल्या विहिरीत रिकाम्या व्हायच्या. वस्तीवर ओतून घ्यायला जागा नाही, हे त्याचं कारण. मग आम्ही बायका घागरी घेऊन मळ्यात जायचो. विहिरीपासून वीस पावलांवर एक मोठा दगड होता, त्याच्या पुढं यायचं नाही. त्याच्या घरातलं कोणीतरी पाणी शेंदायचं, दगडापर्यंत आणायचं आणि आमच्या घागरीत वरून ओतायचं. बहुतेक वेळा त्याची बायको ओतायची. तोंडानं वाईट नव्हती, मायला बरंबिरं विचारायची. पण त्यांची कळशी आमच्या घागरीला लागू नये म्हणून हात दोन वीत वर धरायची. तेवढ्या उंचीवरून धार कधी नीट पडत नाही. पाव घागर धुळीत जायची. ती ओली धूळ मला आजही दिसते.

टँकरवाल्याकडं खेपांचं एक पुस्तक असायचं. वस्तीची खेप पोचली की वस्तीतल्या एका बाईनं त्यात सही किंवा अंगठा करायचा, असा नियम. सरपंचानं त्यात मायचं नाव घातलं होतं. माय विधवा, वस्तीत सगळ्यांत बोलकी. ती अंगठा लावायला तयार नव्हती, पण त्यानं तिला सांगितलं होतं, "लाव गपचिप. न्हाईतर उद्यापासून टँकरच बंद." घरात मी, दोन लहान भावंडं आणि तिची म्हातारी सासू. मायनं अंगठा लावला. पुस्तकात खेप वस्तीवर पोचली.

महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत ती उठली. आम्ही चावडीच्या पायऱ्यांजवळ, मागं बसलो होतो.

"सरपंच, वस्तीची खेप येगळी हाय म्हणत्यात. मग ती वस्तीवर कामून येत न्हाई?"

"कोण म्हणतंय?"

"सरकारचा हुकूम हाय म्हणत्यात."

"हाय की." त्यानं समोरच्या कागदांतून एक कागद उचलला. "पण इंग्रजीत हाय. तुझी पोरगी मॅट्रिकला बसली म्हणं. येऊ द्या तिला पुढं. तिनं हे वाचलं की उद्या टँकर तुझ्या दारात उभा करतो. सगळ्यांदेखत सांगायलो."

मी गेले. दोन शब्द वाचले. तिसऱ्यावर अडले. एकेक अक्षर लावून पाहिलं, जमेना.

"कामून थांबली?" तो म्हणाला. "टँकर मधीच बंद पडला का?"

चावडी हसली. आमच्या वस्तीतले दोघंही हसले, ते मी विसरलेले नाही.

"बस खाली. वाचाया यील तवा ये."

माय मला घेऊन घरी आली. मला वाटलं, रडेल किंवा मारेल. तिनं चूल पेटवली आणि विचारलं, "कुठं अडली ते ध्यानात हाय का?"

"हाव."

"मग लिहून ठिव."

मी वहीच्या मागच्या पानावर ती सात अक्षरं लिहून ठेवली.

मॅट्रिक पास झाले आणि मायनं मला नांदेडला मावशीकडं कॉलेजात घातलं. मावसा रेल्वेत गँगमन होता. त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये पार्सल ऑफिसातले एक तेलुगू क्लार्क राहायचे. रोज सकाळी ड्युटीच्या आधी ते आपल्या दोन मुलींना व्हरांड्यात बसवून इंग्रजी शिकवायचे. मी पहिल्याच आठवड्यात जाऊन तिथं बसले. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त सतरंजी थोडी पसरली. ते पातळ पुस्तक त्यांचंच. कुठल्या तरी पार्सलातलं सुटं राहिलेलं, मालक न आलेलं.

मी आधी त्यांच्याकडचा शब्दकोश मागून घेतला आणि वहीतली सात अक्षरं शोधली. तो शब्द होता पोल्ट्री. कोंबड्या. त्या उन्हाळ्यात गावातल्या कोंबड्यांना लस टोचायला माणूस आला होता, त्याचंच परिपत्रक होतं ते. म्हणजे सरपंचालाही वाचता येत नव्हतं. हाताला लागला तो इंग्रजी कागद त्यानं पुढं केला होता. मला हसू आलं नाही. मी तो शब्द पानभर लिहून काढला आणि मगच पहिला धडा उघडला.

क्लार्क शिकवायचे दखनी हिंदीत. "अम्मा, इस धडे में एकीच बात है. सरकार को हद्द रहती. हद्द लिखके रखते, उसको कॉन्स्टिट्यूशन बोलते."

"आणि सरकारनं हद्द ओलांडली तर?"

"वोइच तो अगला धडा है. जल्दी नको करो."

अगला धडा सत्तेच्या वाटणीचा होता. ते म्हणाले, "कायदा बनानेवाला अलग, चलानेवाला अलग, झगडा मिटानेवाला अलग. तीनों एकीच आदमी हुए तो क्या होता?"

"आमचं गाव होतं," मी म्हणाले.

ते इतके हसले की त्यांच्या बायकोनं आतून येऊन पाहिलं. मग त्यांनी पेन्सिल माझ्याकडं सरकवली. "अच्छा बोली. अब इंग्लिश में लिखो."

मी लिहिलं. विहीर त्याची, टँकर रिकामा करणारा तो, पुस्तकात लिहिणारा तो, तक्रार ऐकणाराही तोच. चार साधी वाक्यं. त्यांनी दोन ठिकाणी क्रियापद दुरुस्त केलं आणि मजकुराला हात लावला नाही. ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांची संमती लागते, असाही एक धडा होता. त्याखालचा प्रश्न होता, भीती घालून घेतलेली संमती ही संमती असते का? मी तिथं मायच्या अंगठ्याविषयी लिहिलं. इतर मुली कविता पाठ करत होत्या. माझं इंग्रजी हे असं वाढलं.

त्याच वर्षी लातूर जिल्हा झाला. आमच्या सरपंचानं चावडीसमोर फटाके लावले, पेढे वाटले. जिल्हा आपल्या दारात आला म्हणाला. जिल्हा त्याच्या दारात आला तसा आमच्याही आला, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. पेढा वस्तीवर पाठवला होता. वरूनच टाकला हातावर.

दिवाळीच्या सुट्टीत मी मायला सही शिकवली. भावाच्या पाटीवर. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण. मी म्हटलं, नुसतं नाव पुरे. ती म्हणाली, "सरकारात आपलं अर्धं नाव कामून द्यायचं?" वीस दिवस लागले. अक्षरं मोठाली, एकेक पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही.

पाऊस पुन्हा हुकला. उन्हाळ्यात मी गावी आले तेव्हा माय रोजगार हमीच्या पाझर तलावावर माती वाहत होती. तिथल्या हजेरीपटावर ती रोज सही करायची. मुकादम मला म्हणाला, "तुझ्या मायच्या एका सहीत दोन पाट्या वाहून होतात."

"पाट्या उद्या बी हायत," माय म्हणाली.

टँकर पुन्हा मळ्यातच रिकामा होत होता आणि धार पुन्हा वरूनच पडत होती. टँकरवाला औशाचा, सरपंचाला कंटाळलेला. एका दुपारी तो बाभळीखाली भाकरी खात बसला होता. मी पुस्तक बघू का विचारलं. तो म्हणाला, "बग. मला काय, मी पाणी वाहणारा." मी पानं उलटली. वस्तीची खेप, मायचं नाव, पुढं अंगठा. रोज. कालचासुद्धा.

घरी येऊन मी विचारलं, "टँकरच्या पुस्तकावर अंगठा लावती का?"

"म्या? आता कामून लावीन? फाल्गुनातच सांगितलं सरपंचाला, आधी खेप वस्तीवर आण, मग मी सही करती. सही म्हणल्यावर लई हसला."

मला सगळं एकदम लख्ख दिसलं. त्याला तिची थाप वाटली होती. आमच्या वस्तीतली, मायच्या वयाची बाई सही करते, हे त्याच्या घरात कोणाला खरंच वाटलं नसतं. म्हणून त्यानं कोणाचा तरी अंगठा आणून तिच्या नावापुढं टेकवला आणि निर्धास्त झाला. पण त्याच दिवशी, त्याच बाईनं, चार मैलांवर दुसऱ्या सरकारी कागदावर पूर्ण नावानं सही केली होती. एक सत्ता दुसरीवर लक्ष ठेवते, हा सहावा धडा. आमच्या गावात तेवढं लक्ष दोन पुस्तकांनीच ठेवलं होतं, आणि तेही माय सही शिकली म्हणून.

मी अर्ज लिहिला. मराठीत, एका पानाचा. आमच्यावर कसा अन्याय झाला वगैरे एक शब्द घातला नाही. मागणी एकच: टँकरचं पुस्तक आणि तलावाचा हजेरीपट एका टेबलावर ठेवून बघा. सकाळच्या एसटीनं लातूरला गेले. नवी कचेरी उसन्या इमारतीत होती, अजून निम्म्या खुर्च्यांना सुतळी बांधलेली. अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला आणि दुपारच्या भाकरीला घरी परत आले. उस्मानाबादला असं कधी झालं नसतं.

महिन्याभरात विस्तार अधिकारी नोटीस घेऊन गावात आला. ती सरपंचाला द्यायची आणि ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचायची होती. नव्या कचेरीत मराठी टंकयंत्र अजून पोचलं नव्हतं, म्हणून नोटीस इंग्रजीत. अधिकाऱ्यानं चष्मा पुसला आणि विचारलं, "गावात इंग्रजी कोण वाचतं? माझी तेवढी सवय नाही." ग्रामसेवक आपल्या चपला बघायला लागला. वस्तीतल्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मग चावडीच बघायला लागली.

मी पुढं गेले. नोटीस हातात घेतली आणि आधी सरपंचाला सांगितलं, "हा कागद कोंबड्यांचा नाही."

त्याला कळलं नाही. मी समजावून सांगितलं. गेल्या वर्षीचा कागद कोणता, त्यात काय होतं, सगळं. यावेळी चावडी हसली ती त्याला.

मग मी एकेक वाक्य इंग्रजीत वाचलं आणि मराठीत सांगितलं. आरोप काय, कोणती पुस्तकं जप्त केली, सिद्ध झालं तर पद जाईल. घाई केली नाही. शेवटच्या परिच्छेदावर आले आणि थांबले. त्यात लिहिलं होतं की सरपंचाला पंधरा दिवसांत आपलं म्हणणं लेखी मांडता येईल, साक्षीदार आणता येतील, स्वतः हजर राहून बोलता येईल.

"कामून थांबली?" तो म्हणाला. आवाजात पुन्हा जरा जीव आला होता. "अडली का?"

मी अडले नव्हते. मी विचार करत होते की हा परिच्छेद गिळून टाकला तर कोणाला कळेल? अधिकाऱ्याला सवय नाही. ग्रामसेवक चपला बघतोय. पंधरा दिवस हा गप्प बसेल आणि त्याच्या पाठीमागं निकाल लागून जाईल. मला तसंच हवं होतं. त्यानं आमचं एक वर्षभर ऐकलं नव्हतं, त्याचं कोणी का ऐकावं? पण तो धडाही मला पाठ होता. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय दिलेली शिक्षा वरच्या साहेबाकडं टिकत नाही. क्लार्कनी त्या वाक्याखाली माझ्यासमोर रेघ मारली होती. मला त्याची दया आली नाही. मला शिक्षा टिकायला हवी होती. मी तो परिच्छेद वाचला, मराठीत दोनदा सांगितला आणि विचारलं, "कळलं का?"

"हाव," तो म्हणाला. त्याच्या तोंडून मला मिळालेलं ते पहिलं सरळ उत्तर.

सुनावणी लातूरला झाली. त्यानं लेखी म्हणणं दिलं, दोन साक्षीदार आणले, अर्धा तास बोलला. गावासाठी काय काय केलं ते सांगितलं. सुनावणी घेणारे साहेब तरुण होते, सगळं ऐकून घेत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. शेवटी त्यांनी दोन्ही पुस्तकं उघडून शेजारी शेजारी ठेवली.

"या बाई सही करतात. तुमच्या पुस्तकात अंगठा आहे."

"साहेब, बायामाणसं हायत. कधी सही करत्यात, कधी अंगठा लावत्यात."

माय म्हणाली, "माझा अंगठा घ्या की मग. जुळवून बगा."

साहेबांनी शाईचं पॅड मागवलं. गेल्या उन्हाळ्याचे ठसे मायचे निघाले, ते तर ती नाकबूल करतच नव्हती. या उन्हाळ्याचे साध्या डोळ्यांनाही वेगळे दिसत होते. साहेब म्हणाले, "हे तपासायला पाठवावे लागतील. गावातल्या बायकांचे अंगठे चावडीवर घ्यावे लागतील. तुमच्या घरापासून सुरुवात करू."

सरपंच खुर्चीतून अर्धा उठला. "चावडीवर नको, साहेब."

"का?"

तो परत खाली बसला. "घरातलाच हाय."

"कोणाचा?"

"आमच्या मंडळीचा."

जी बाई आमच्या घागरीला कळशी लागू नये म्हणून हात वर धरायची, तिचा अंगठा उन्हाळाभर माझ्या मायच्या नावापुढं टेकत होता. नवरा पुस्तक पुढं करायचा, ती टेकवायची. ते नाव कोणाचं हे तिला वाचता येत नव्हतं. तिला कोणी काही विचारलं नव्हतं, हे मला तेव्हाही समजत होतं. तरी मला आनंद झाला. संध्याकाळच्या एसटीतून ही गोष्ट गावात उतरली आणि परत कधी गेली नाही.

मला तुरुंग हवा होता. त्याचं फक्त पद गेलं. त्यानं वर दाद मागितली, तीही फेटाळली गेली, कारण त्याला म्हणणं मांडायची संधी मिळाली होती. ते कागदावर होतं, आणि चावडीवर दोनदा वाचलेलं होतं.

पावसाळाही कोरडा गेला, त्यामुळं टँकर चालूच राहिला. आता वस्तीवर सिमेंटची टाकी झाली. वस्ती रस्त्याला लागून, म्हणून टँकर आधी आमच्याकडं थांबायचा आणि मग गावात जायचा. नवा नियम असा की वस्तीतल्या बाईची सही झाल्याशिवाय टँकरनं हलायचं नाही. पुस्तकात नाव मायचंच राहिलं. टाकी भरायची, नळी गुंडाळली जायची आणि टँकरवाला पुस्तक आणून तिच्या मांडीवर ठेवायचा. वर गावात घागरी रांगेत लागलेल्या असायच्या, माजी सरपंचाच्या घरच्याही. त्याच्या विहिरीत आता थेंब पडत नव्हता.

माय हात पुसायची, पेन घ्यायची, आपलं नाव लिहायची. मग नवऱ्याचं. मग आडनाव.

"मावशी, उरका की," टँकरवाला म्हणायचा. "वर लोक उन्हात उभे हायत."

"थांब. अक्षर बिघडंल."

तिला भरभर सही करायला मी एका दुपारात शिकवू शकले असते. शिकवलं नाही.